काळ्या मातीत जुन्या पिकअपची मागची पकड

नाचणगाव, पुलगाव, देवळी या पट्ट्यात पिकअपची खरी परीक्षा सप्टेंबरअखेरीस सुरू होते. जुलैच्या झडीत गाडी वावराकडे न्यायचे कुणाच्या मनातही येत नाही. पण सोयाबीनची गंजी लागलेली असते, थ्रेशर मोठ्या मिनतवारीने मिळालेले असते, पोती शिवून तयार असतात, आणि परतीचा पाऊस एका संध्याकाळी पांदण भिजवून जातो. माल तर पुलगावच्या बाजारात न्यायचाच असतो. मग दहा-बारा वर्षांची पिकअप रिकामी निघते, आणि धुऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच तिचे मागचे एक चाक जागच्या जागी फिरायला लागते. दुसरे चाक अगदी शांत उभे असते.

अशा मालकाला सल्ले दोनच मिळतात. चारही चाकांना ओढ असलेली गाडी घ्या, नाहीतर मागचे डिफरन्शियल लॉक करून घ्या. दोन्ही सल्ले पूर्ण चुकीचे नाहीत. पण जुन्या गाडीची हरवलेली पकड बहुतेक वेळा टायर, हवा, वजन आणि पाटे या चार ठिकाणी सापडते, आणि ती परत मिळवायला लागणारा खर्च लॉकरच्या तुलनेत किरकोळ असतो. लॉकरचा विचार त्यानंतरचा. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि गाडी पांदणीत तशीच रुतते.

आधी त्या शांत उभ्या राहिलेल्या चाकाचे कोडे सोडवू. वळण घेताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरता यावे यासाठी मागच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल असते. साध्या डिफरन्शियलचा गुण असा की ते दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देते, आणि तो जोर ठरतो कमी पकड असलेल्या चाकावरून. एक चाक निसरड्यावर असले आणि त्याला थोडाच जोर पेलत असला, तर पक्क्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी उरलेली ताकद फिरणाऱ्या चाकात वाया जाते.

आकडे घालून पाहा. समजा रिकाम्या गाडीच्या मागच्या एक्सलवर ६५० किलो वजन आहे, म्हणजे प्रत्येक चाकावर ३२५. एक चाक मुरमाच्या कडेवर आहे, तिथे वजनाच्या निम्म्याइतकी पकड मिळते. दुसरे ओल्या चाकोरीत आहे, तिथे वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकीच. चाकोरीतले चाक साधारण ३२ किलोचा जोर पेलेल, म्हणून मुरमावरच्या चाकालाही ३२ किलोच मिळेल. एकूण झाला ६५ किलोच्या आसपास. तेवढ्या चिखलातून गाडी हलवायला दीडशे किलोचा जोर लागत असेल तर ती हलणार नाही. आता दोन्ही चाके एकत्र बांधलेली आहेत असे धरा. मुरमावरचे चाक १६० किलो देईल, चाकोरीतले ३२ देईल, गाडी निघेल. पण दोन्ही चाके चाकोरीत असतील तर? मग लॉक असो वा नसो, जोर तोच ६५ किलो. लॉकरवर पैसे घालण्यापूर्वी हा हिशेब प्रत्येकाने एकदा मनात घोळवावा. लॉकर असलेली पकड दोन्हीकडून गोळा करतो, नवी पकड निर्माण करत नाही.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला यातले बरेचसे माहीत असते. ट्रॅक्टरच्या सीटखाली टाचेशी डिफरन्शियल लॉकचे पेडल असते आणि डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. एक चाक फिरायला लागले की त्याच बाजूचा ब्रेक हलका दाबायचा, जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. यावरून पिकअपवाल्यांना एक सल्ला हमखास दिला जातो: हँडब्रेक अर्धा ओढा आणि गाडी काढा. पिकअपचा हँडब्रेक मात्र दोन्ही मागच्या ड्रमना सारखाच आवळतो. फिरणाऱ्या चाकाला अडवल्यामुळे दुसऱ्या चाकाकडे जेवढा जादा जोर जातो, तेवढाच तिथला ब्रेक खाऊन टाकतो. त्यामुळे फायदा नावापुरता होतो आणि लायनर तापतात. नव्या गाड्यांत संगणक फक्त फिरणाऱ्या एकाच चाकाचा ब्रेक लावतो, म्हणून तिथे ही युक्ती चालते. जुन्या गाडीत तिच्यावर भिस्त ठेवू नका.

आपली माती हा या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे. वर्धा नदीच्या काठाची काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे, आणि तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट चिकणमातीच्या थरांमध्ये पाणी शिरले की ती फुगते. उन्हाळ्यात जिच्या भेगांमध्ये हात जातो तीच माती पावसात बंद होते, मऊ पडते आणि जे लागेल त्याला चिकटते. टायरच्या खाचांमध्ये ती गच्च बसली की नवा टायरही गुळगुळीत होतो. आर्वी, आष्टी, कारंजा या बाजूच्या चढ-उताराच्या बरड जमिनीत वरच्या चिखलाखाली मुरूम लवकर लागतो, तिथे अरुंद आणि कडक टायर चिखल कापून तळाला टेकतो. नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीत तसा तळ हाती लागत नाही. तिथे चाक जेवढे रुतेल तेवढे रुततच जाते, म्हणून टायर पसरट ठेवून वरच्या वर निघून जाणे हाच उपाय. त्यामुळे डोंगरपट्ट्यातल्या चालकाचा सल्ला नाचणगावच्या पांदणीत जसाच्या तसा वापरू नये.

आता गाडीकडे. काही दुरुस्त करण्याआधी नेमके काय घसरते आहे ते पाहा. एका माणसाला बाजूला, चाकापासून चांगले दूर उभे करा. मागे कधीही नाही. इंजिन गुरगुरते आहे आणि मागचे एक चाक फिरते आहे, तर दोष पकडीचा. इंजिन गुरगुरते आहे पण दोन्ही चाके स्थिर आहेत आणि प्रोपेलर शाफ्टही फिरत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. शाफ्ट फिरतो आहे पण चाके नाहीत, तर एक्सल शाफ्ट तुटला असण्याची शक्यता मोठी. क्लच गेलेल्या गाडीला नवे लग टायर घालून काही उपयोग नाही.

टायरवर मी सर्वात जास्त भर देतो. माल वाहणारे टायर ढोबळमानाने दोन जातींचे: लांबीच्या दिशेने सरळ रेघा असलेला रिब आणि आडवे जाड ठोकळे असलेला लग. डांबरी रस्त्यावर रिब शांत चालतो, कमी तापतो, स्टेअरिंग सरळ धरतो. चिखलात त्याच्या रेघा भरल्या की संपले. जी गाडी आठवड्यातून काही वेळा तरी वावरात जाते तिला पुढे रिब आणि मागे लग ही जोडी चांगली. ठोकळ्यांमधली मोकळी जागा जेवढी रुंद, तेवढी माती फेकली जाण्याची शक्यता जास्त. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि साधारण सारख्याच झिजेचे हवेत. एक नवा आणि एक झिजलेला असेल तर त्यांचा घेर वेगळा पडतो, आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलच्या आतल्या चकऱ्या सतत फिरत राहून झिजतात.

कायद्याने पिकअपच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. टायरच्या खाचेत तळाशी जे लहान उंचवटे असतात, ते वरच्या रबराच्या बरोबरीला आले म्हणजे ही मर्यादा गाठली. पण ही मर्यादा रस्त्यासाठी आहे. ५ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर काळ्या चिखलात माझ्या मते निकामी समजावा. तो डांबरावर आणखी एक हंगाम चालेल, म्हणून पुढे टाका किंवा स्टेपनीला ठेवा. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो, तोही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचा टायर नक्षीने नवा दिसतो, पण विदर्भाच्या उन्हात सात-आठ वर्षे उभा राहून त्याचे रबर कडक झालेले असते, बाजूला बारीक चिरा पडलेल्या असतात. कडक रबर पकडत नाही. रबर चढवलेला टायर मागे वापरायचा असेल तर त्याचा मूळ सांगाडा किती जुना आहे हे आधी विचारा.

हवा हा तर फुकटचा उपाय, आणि सगळ्यात दुर्लक्षित. बहुतेक मालक मागच्या टायरमध्ये भरल्या गाडीची हवा वर्षभर ठेवतात. टायर जमिनीला किती टेकतो हे मोटामोटी वजन भागिले हवेचा दाब यावरून ठरते. चाकावर ३२५ किलो वजन आणि ५६ पीएसआय हवा असेल तर टेकणारी जागा जेमतेम ८० चौरस सेंटिमीटर. हवा २८ वर आणली तर ती साधारण दुप्पट होते. टायरची बाजू स्वतःही थोडे वजन तोलते, म्हणून हिशेब काटेकोर नाही, पण दिशा बरोबर आहे. चाक कमी रुतते आणि ठोकळे थोडे वाकून अडकलेली माती सोडतात.

यात तीन अटी पाळाव्या लागतात. हवा कमी करायची ती रिकाम्या गाडीची, पांदणीच्या तोंडाशी, आणि वेग माणसाच्या चालण्याएवढा ठेवून. ट्यूबच्या टायरमध्ये २५ पीएसआयच्या खाली जाऊ नये, कारण जोर लावताना टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून येतो. आणि माल भरायच्या आधी, डांबरावर चढायच्या आधी हवा पूर्ववत करायलाच हवी. कमी हवेचा टायर ओझ्याखाली तापतो आणि फुटतो; वर्धा-यवतमाळ महामार्गावर भरल्या गाडीचा मागचा टायर फुटणे म्हणजे काय हे वाहनधारकांना सांगायला नको. यासाठी गाडीत हवेचे मीटर आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप ठेवा. पंप नसेल तर हवा सोडूच नका.

वजनाचे काम रेतीच्या पोत्यांनी होते. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत ३५-४० किलो रेती भरून अशी चार पोती डाल्यात ठेवली की मागच्या एक्सलवर दीडशे किलो वाढतात. जागा महत्त्वाची. पोती बरोबर एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे ठेवा. डाल्याच्या अगदी मागे ठेवली तर तराजूचा नियम लागू होतो: चाकांमधले अंतर ३ मीटर धरले आणि पोती एक्सलच्या अर्धा मीटर मागे ठेवली, तर मागे १७५ किलो वाढतात आणि पुढचे २५ किलो उचलले जातात. मागची पकड थोडी वाढते, पण चिखलात स्टेअरिंग हलके पडून गाडी सरळ चाकोरीतच जाते. दोर लावून पोती घट्ट बांधा, कारण अचानक ब्रेक लागला तर ती केबिनवर येऊन आदळतात. मोकळे दगड आणि अर्धवट भरलेला पाण्याचा ड्रम नकोच; दगड उसळतात, पाणी वळणावर एका बाजूला धावते. रेतीचा आणखी एक उपयोग असा की गाडी अडलीच तर एक पोते फोडून चाकाखाली टाकता येते. माल भरताना मात्र पोती उतरवा, नाहीतर ती आरसी बुकावरच्या एकूण वजनात मोजली जातील.

पाट्यांबद्दल कोणी फारसे बोलत नाही, पण जुन्या पिकअपची निम्मी पकड तिथे हरवलेली असते असे मला वाटते. जास्त माल टाकता यावा म्हणून मागच्या कमानीत एक-दोन पाटे वाढवून घेण्याची रीत आहे. भरल्या गाडीला ते सोसते. रिकाम्या गाडीला मागची धुरी लाकडासारखी ताठ होते, खड्ड्यात चाक खाली उतरतच नाही, हवेत तरंगत फिरते. ज्या चाकावर वजन नाही त्याला पकड नाही, आणि साध्या डिफरन्शियलमध्ये मग दुसऱ्या चाकालाही काही मिळत नाही. वाढवलेले पाटे काढून कंपनीच्या संख्येवर आणणे हा माझा पहिला सल्ला. त्याच वेळी तुटलेला पाटा, झिजलेले शॅकलचे बुश आणि ढिले यू-बोल्ट पाहून घ्या.

चढावर जोर लावताच गाडी मागून धडधड आपटते, हा त्रासही इथलाच. जोराने एक्सल उलट दिशेला पिळला जातो, पाटे वाकडे होतात, चाक सुटते, पाटे सरळ होतात, चाक पुन्हा पकडते, आणि हे सेकंदाला कित्येक वेळा होते. यू-बोल्ट योग्य ताणाने आवळणे आणि गेलेले शॉकअप बदलणे यानेच हे बरेचसे थांबते. शॉकअप पाहायची सोपी खूण म्हणजे त्याच्या अंगावर तेलाचा ओघळ. धडधड सुरू झाली की ॲक्सिलरेटर लगेच सोडा. तसाच दाबून ठेवला तर क्राऊन-पिनियनचे दात जातात.

एक्सलच्या तेलाचा पकडीशी थेट संबंध नाही, पण नाले ओलांडणाऱ्या गाडीत ते पाहिल्याशिवाय पुढचा कोणताही खर्च करू नये. चालून तापलेले हाऊसिंग थंड पाण्यात बुडले की आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, लगेच बदला. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ब्रीदर साफ करणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

एवढे केल्यावरही गाडी वारंवार अडत असेल, आणि अडताना एक चाक पक्क्यावर व दुसरे चिखलात अशीच अवस्था असेल, तर लॉकरचा विचार जरूर करा. आधी आपल्या एक्सलमध्ये काय आहे ते तपासा. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, मागची बाजू जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर टेकवा, इंजिन बंद ठेवून गिअर टाका आणि हँडब्रेक सोडा. एक चाक हाताने फिरवा. दुसरे उलट दिशेला सहज फिरले तर डिफरन्शियल साधे आहे.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला लिमिटेड स्लिप: आतल्या क्लच प्लेटा दोन्ही बाजूंना काही प्रमाणात जखडून ठेवतात. रस्त्यावर तो सौम्य वागतो, पण प्लेटा झिजतात, आणि त्याला कंपनीने सांगितलेले खास तेल लागते. जुनी गाडी विकत घेताना लिमिटेड स्लिप आहे असे सांगितले गेले तरी प्लेटा संपलेल्या असू शकतात. दुसरा आपोआप लागणारा यांत्रिक लॉक. दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की तो दोन्ही बाजू जोडतो आणि वेग वाढला की जोडत नाही. महिंद्राने २०२१ च्या बोलेरो निओच्या वरच्या आवृत्तीत अशीच व्यवस्था दिली. चालकाला बटण दाबावे लागत नाही हा त्याचा मोठा गुण, पण चाक आधी थोडे फिरावे लागते, आणि तेवढ्यात मऊ मातीत ते खड्डा करून बसते. तिसरा चालकाच्या हातातला: हवेच्या दाबाने किंवा विजेने लागणारा, ट्रॅक्टरच्या पेडलसारखाच. चिखलात शिरण्याआधी लावता येतो, बाहेर पडल्यावर काढता येतो. कामाच्या दृष्टीने हाच उत्तम, खर्चाने सर्वात जड.

कोणताही प्रकार घेताना तो आपल्याच एक्सलसाठी, क्राऊन-पिनियनच्या त्याच गुणोत्तरासाठी आणि एक्सल शाफ्टच्या तेवढ्याच दात्यांसाठी बनलेला असला पाहिजे. बसवणाऱ्याला क्राऊन-पिनियनमधले अंतर मीटर लावून जुळवता येते का, हे स्पष्ट विचारा. ते अंदाजाने बसवले तर काही महिन्यांत एक्सल ओरडायला लागतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेपासून दूर जाणाऱ्या बदलांवर बंधन आहे, म्हणून आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारून घ्या. व्यवसायाची गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी लागतो, तेव्हा लपवाछपवी फार काळ टिकत नाही.

एक काम मात्र करू नका, कोणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणाले तरी: डिफरन्शियलच्या चकऱ्या वेल्डिंगने जोडून कायमचे लॉक. चिखलात ते काम करते हे खरे. पण तीच गाडी डांबरावर वळताना दोन्ही चाकांना सारखेच फिरावे लागते, टायर घासत जातात, शाफ्ट पिळले जातात, स्टेअरिंग जड होते आणि ओल्या रस्त्यावरच्या वळणात दोन्ही मागची चाके एकदम सुटून गाडीची शेपटी फिरते. वेल्डिंगचा तुकडा आत निखळला तर पूर्ण एक्सल जाम होऊ शकतो. डाल्यात माणसे बसवून नेणारी गाडी आपल्याकडे कमी नाही. ती प्रथा मुळातच बंद व्हायला हवी, पण अशा गाडीत वेल्डिंगचे डिफरन्शियल म्हणजे जिवाशी खेळ.

चालवण्यात जेवढे मिळते तेवढे कशातच मिळत नाही. पांदण आधी पायी चालून पाहा. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल असतील तर त्यात उतरू नका, कारण ट्रॅक्टर उंच असतो आणि पिकअपचे मागचे हाऊसिंग मधल्या उंचवट्यावर टेकते. एकदा हाऊसिंग टेकले की वजन चाकांवरून मातीवर जाते आणि सगळे उपाय संपतात. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे कडेच्या गवतावर ठेवून चला. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, न थांबता. चाक फिरायला लागले की पाय लगेच उचला. फिरणारे चाक पुढे नेत नाही, खाली नेते. पुढे जमत नसेल तर आपल्याच चाकांच्या खुणांवरून मागे या आणि नवी वाट घ्या.

अडलीच गाडी तर आधी फावड्याने चाकापुढची माती उतरती करा आणि हाऊसिंगखालची माती काढा. मग चाकाखाली पऱ्हाट्या, तुराट्या, जुने बारदान किंवा मुरूम टाका. पऱ्हाट्या चाकाच्या दिशेला आडव्या टाकल्या तर चाक त्यांच्यावर चढते, उभ्या टाकल्या तर त्या मागे उडतात. मागे कोणीही उभे राहू नये. ट्रॅक्टरने ओढायचे असेल तर दोर गाडीच्या ओढण्याच्या हुकाला किंवा चेसिसला बांधा, बंपरला किंवा पाट्याच्या शॅकलला नाही. झटका न देता ताण हळूहळू घ्या. दोरावर ओले पोते टाका म्हणजे तो तुटला तर उडणार नाही, आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर ठेवा.

तरीही काही दिवस असे असतात की गाडी नेऊच नये. रात्री चांगला पाऊस पडला आणि सकाळी आभाळ आहे, तर पिकअप मुरमाच्या रस्त्यावर ठेवा आणि पोती बंडीने किंवा ट्रॅक्टरने तिथपर्यंत आणा. ऊन पडून वाफसा आला की तीच पांदण अर्ध्या दिवसात चालण्याजोगी होते. मळणीचा दिवस ठरवताना थ्रेशरबरोबर वाफशाचाही हिशेब ठेवला तर एक्सल शाफ्टचा खर्च वाचतो. सोयाबीन भिजण्याची भीती असेल तर ताडपत्री ही चिखलात उतरण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

कामाचा महिना मे आहे. ऑक्टोबरमध्ये गॅरेजवाल्याकडे वेळ नसतो आणि तुमच्याकडेही नसतो. मे महिन्यात टायर उलटसुलट करून घ्या, जादा पाटे काढा, यू-बोल्ट आवळा, ब्रीदर साफ करा, रेतीची पोती भरून ठेवा.

आणि पांदणीचेही काम हाती घ्या. चाकाखालची जमीन पक्की झाली तर वरच्या कोणत्याही खर्चाची फारशी गरज उरत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्राम समृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, रोजगार हमीच्या कामांशी तिची सांगड घातली. एका शेतकऱ्याचा अर्ज बाजूला पडू शकतो, त्या वाटेवरच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज बाजूला पडणे कठीण. येत्या ग्रामसभेत आपल्या पांदणीचे नाव, लांबी आणि तिच्यावर असलेल्या अतिक्रमणाची नोंद घेऊन जा, ती आराखड्यात लिहून घ्या आणि ठरावाची प्रत मागा.